मोरीजवळचा डाग

पिंप्राळ्यातलं घर विकायला काढलं, तेव्हा रंग द्यायला एक म्हातारा रंगारी आला. नाव मी विचारलंच नाही. बोटाच्या पेरांनी भिंत वाजवत त्याने विचारलं, "राहायचं का विकायचं?"

"विकायचं."

"मंग हलका हात चालीन."

बायको बारा वर्षं ज्या ओलीबद्दल सांगत होती, ती चार दिवसांत झाकली गेली. फक्त मोरीजवळचा पंज्याएवढा डाग त्याने तसाच सोडला. मी तो दाखवला, तर ब्रश पुसत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ. बठ्ठं चकाचक दिसनं तर गिऱ्हाईकले संशय येस. एक डाग सापडला का तो स्वतःले हुशार समजस. मंग दुसरं काही पाहत नही."

तसंच झालं. गिऱ्हाईकाने डाग शोधला, थोडा भाव पाडला आणि खुशीत इसार दिला.

मग आम्ही धुळ्यात घर पाहिलं. सगळं लख्ख होतं, पण जिन्याखाली मला एक डाग सापडला. तो दाखवून मी भाव पाडला आणि तिथेच इसार दिला.

परतीच्या एसटीत बायको म्हणाली, "बाकीच्या भिंती त्या रंगारीबाबांसारख्या वाजवून पाहिल्या का तुम्ही?"