दोरीला जबाब

गौरव-अंकाच्या मंडळींनी मला लिहायला सांगितले आणि जाता जाता बजावले, "आजी, मास्तरांच्या खोकल्याचं काही लिहू नका. चांगलं कार्य आहे." मास्तर साठीचे झाले, जरा चालले की थांबून दम घेतात, आणि आम्ही नुसते हारतुरे लिहायचे. मला हे पटलेले नाही. मी खोकल्याचेच लिहिणार. छापायचे नसेल तर माझे पान कोरे सोडा, दुसऱ्याचे भरू नका. आता सर्वांना नमस्कार.

श्री. दौलतरावजी मास्तरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. बालाघाटजवळ भरवेलीला मी मँगनीजच्या खाणीवर दगड निवडायला होते. माझा मुलगा सुखदेव बचाव-पथकात लागला होता आणि मास्तर त्या पथकाला शिकवीत. खाणीत धूर भरला की पाठीवर बांधून जायचे असे एक यंत्र त्यांच्याकडे होते. त्यात प्राणवायूची टाकी, रबरी पिशवी आणि चुन्याचा डबा. आपण सोडलेला श्वास चुन्यातून गाळून पुन्हा तोच घ्यायचा. नळी दातांत धरावी लागते, म्हणून आत गेलेल्याला बोलता येत नाही. एक दिवस मास्तर ती नळी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमच्या पोराच्या गालात तंबाखू असते. नळीत थुंकी उतरते."

"माह्या पोराच्या गालात पाहाले तुमाले काहून लागते?"

"त्याचा श्वास अडकला त मलेच आत जावं लागते, म्हणून."

माझ्या स्वतःच्या तळहातावर तंबाखूची चिमूट मळून तयार होती. मास्तरांनी ती पाहिली आणि नळी माझ्यापुढे धरली. मी ती तोंडात धरून पाहिली. थुंकायला जागाच नाही, आणि श्वास घ्यायचा तोही तिच्यातूनच. त्या दिवसापासून सुखदेवला घरातून पुडी मिळाली नाही. तो चिडला माझ्यावर, मास्तरांवर नाही, हेही इथे नोंदवते.

पुढे जुन्या बोगद्यात पाणी शिरले; आत कोणी नव्हते, पण काम बंद पडले. पाण्याखालून पलीकडे वाट मोकळी आहे का, हे कोणीतरी आत जाऊन पाहायला हवे होते. सुखदेव निघालाच होता. मास्तरांनी अडवले. यंत्र धुरासाठी केलेले आहे, पाण्यात काय करील ते ठाऊक नाही, म्हणाले, आणि कमरेला दगड बांधून स्वतः आमच्या धुण्याच्या हौदात तळाशी जाऊन बसले. दोरीचा नियम त्यांनीच घातला. वरून एक झटका म्हणजे प्रश्न, खालून एक झटका म्हणजे जबाब. जबाब आला नाही तर चर्चा करायची नाही, ओढायचे.

आम्ही बायका धुणे टाकून काठावर उभ्या. आधी जबाब येत होता, मग आला नाही. सुखदेवने ओढले. मास्तर खोकतच वर आले, ओठ भाजलेले. डब्यात पाणी शिरून चुना नळीवाटे घशात उतरला होता. पानाला चुना जास्त झाला तर जीभ सोलते, ते आम्हाला माहीत. इथे तर घसाच.

सुखदेव म्हणाला, "मास्तर, मी जातो न. जमते मले."

बसलेल्या आवाजात मास्तर म्हणाले, "यंत्र नापास. अन् त्याच्यासंगं तूही."

डब्याचे झाकण बदलले, सांध्यांना रबर बसवले, मास्तर पुन्हा हौदात. पुन्हा नापास. काम अडूनच राहिले तसे लोक म्हणू लागले, मास्तर भ्यायले. मास्तर ऐकून घेत आणि हौदाकडे चालू लागत. शेवटी खालून इतका वेळ जबाब येत राहिला की बायका कंटाळून धुण्याकडे वळल्या. तेव्हा कुठे त्यांनी सुखदेवला बोगद्यात सोडले. दोरी मास्तरांच्या हातात, मी शेजारी.

"विचारा न पुन्हा."

"आताच त विचारलं, बाई."

"मंग काय झालं? विचारा."

त्यांनी विचारले. दर वेळी जबाब आला. सुखदेव पलीकडची वाट तपासून परत आला आणि आज त्याची पोरे माझे डोके खातात.

मास्तरांचा खोकला तेव्हापासूनचा. बालाघाटच्या डॉक्टरांनी नागपूरला जाऊन छाती दाखवा म्हणून सांगितले आहे. मास्तर जात नाहीत. विचारले की खिडकीबाहेर पाहतात आणि त्यांच्या मंडळी सीताबाई सांगतात, "बरं हाये त्याह्यचं." तपासल्याशिवाय एक रबरी पिशवी कोणाच्या पाठीवर जाऊ न देणारे मास्तर, आपल्या छातीतली पिशवी मात्र तशीच वापरतात.

मास्तरांना भरपूर आयुष्य लाभावे, आणि ते खोकल्याशिवायचे लाभावे. समारंभाला मी पुढेच बसणार आहे. हार घालून झाले की उठून एकदाच विचारीन, नागपूरला कधी जाता? जबाब आला नाही तर ओढून नेऊ. नियम त्यांचाच आहे आणि सुखदेव तयार आहे. सीताबाईंनी तोंड उघडायचे नाही. जबाब मास्तरांनीच द्यायचा.