दादाभाऊनं गिटारचा कोर्स पाहिला

पिंपरी पेंढारच्या दादाभाऊला नावं ठेवायला कारण लागत नसे. नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात तो गिटार वाजवी आणि मालकापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात बिनडोक म्हणे. वाडवडील मेंढरं राखणारे. घरात अजून थोडी होती, ती बायको हिरा सांभाळी.

गिटार म्हटली की मात्र गडी विरघळायचा. ट्रकमध्ये उन्हानं तापून गिटारीची दांडी वाकते, तारा वर उचलतात, मग बोटं फाटली तरी सूर लागत नाही. अशा गिटारी फडवाले त्याच्याकडं आणत आणि हा खिळे ठोकून, गोंद ओतून त्या आणखी बिघडवून परत देई. हे त्याचं त्यालाही कळत होतं आणि फार लागायचं. आपल्या हातानं एक गिटार घडवायची, एवढीच त्याची खरी इच्छा.

२००३च्या पावसाळ्यात फड बंद होते. हिरा म्हणाली, "मेंढरं मी बघती. तुमी एकदाचं नीट शिकून घ्या. लोकांच्या गिटारींचा मुडदा पाडू नका."

जुन्नरला एक क्लास निघाला होता. काचेचं दार, आत टायपिंगची आणि शिवणाची मशीनं, कोपऱ्यात एक गिटार. सर टाय लावून बसलेले. "महिन्याभरात दुरुस्ती आणि बांधणी दोन्ही. सर्टिफिकेट फ्रेम करून देतो," ते म्हणाले. दादाभाऊनं गिटार उचलून पाहिली, तर तारा गंजलेल्या. ज्याला स्वतःची तार बदलता येत नाही तो दुरुस्ती शिकवणार! दादाभाऊ सरांच्या तोंडावर हसून बाहेर पडला. इथवर त्याचं बरोबरच होतं.

मग तो मंचरला सोमाजी मिस्त्रीकडं गेला. उभी हयात मुंबईत गिटारच्या कारखान्यात घालवून मिस्त्री गावी परतला होता. पत्र्याच्या शेडमध्ये एकालाच शिकायला जागा, मुदत दोन वर्षं, सर्टिफिकेट नाही. मिस्त्रीनं नुकतीच केलेली गिटार त्याच्या हातात दिली. दादाभाऊनं तार छेडली आणि सूर विरेपर्यंत कान लावून राहिला. हेच शिकायचं होतं त्याला.

कोणीही शहाणा माणूस 'उद्यापासून येऊ का?' म्हणाला असता. पण हा बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात वाढलेला. तिथं मनात भरलेल्या मेंढ्याला आधी नावं ठेवायची, पाठ फिरवून चालू लागायचं आणि "अहो पावणं, या की माघारी" ऐकू आल्याशिवाय वळायचं नाही. तोच डाव त्यानं इथं टाकला. दोन वर्षांचं एक करून घ्यायचं होतं.

"लाकूड हलकं दिसतंय," तो नाक मुरडून म्हणाला. "आवाज तर डबड्यावानी. याला दोन वर्सं? वरीसभर लई झालं, मिस्त्री."

सोमाजीनं गिटार काढून घेतली. "आवडली न्हाई तर ऱ्हाऊ द्या, भाऊ," म्हणाला आणि रंधा मारू लागला.

दादाभाऊ निघाला तो कान मागं ठेवून. फाटकाशी उगाच चप्पल नीट केली. शेडमधून दिसेल अशा बेतानं समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिला. हाक काही येईना. म्हाताऱ्याला व्यवहाराची अक्कल नाही, तो पुटपुटला आणि दुसरा चहा मागवला.

एवढ्यात एक बाई शेडमध्ये शिरली, पोत्यात गुंडाळलेली गिटार घेऊन. पोत्यात! दादाभाऊला हसू आवरेना. रंधा थांबला आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडं स्वच्छ ऐकू आला. "मी वृषाली, निमगाव सावाहून आले. मला यातलं काही येत नाही. शिकवाल का?"

"सोमवारपासून या," सोमाजी म्हणाला.

दादाभाऊच्या हातातला चहा तसाच राहिला. धावत आत जावं, पाय धरावेत, असं त्याला वाटलं. पण ताठा कुठला जाऊ देतोय! पैसे टाकून तो सरळ एसटी स्टँडकडं चालू लागला.

घरी हिरा वाटच बघत होती. "कसा हाय कोर्स?"

"भिकार. लाकूड हलकं, मिस्त्री अडाणी, शेड गळकं."

हिरानं त्याच्याकडं नीट पाहिलं. बाजारात त्याच्या शेजारी ती कैक वेळा उभी राहिली होती.

"म्हंजी लई आवडला व्हता," ती म्हणाली. "मंग जावा की माघारी."

"जागा गेली," दादाभाऊ म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.