कोरड्या नदीतलं चांगभलं

नामिबियातल्या एका कोरड्या नदीच्या मधोमध आमची गाडी रुतली, त्याचं सगळं श्रेय माझं आहे. गाडी मुलगा चालवत होता, पण डोकं मी चालवत होतो. तो तिकडे नोकरीला. आम्ही नवरा-बायको भेटायला गेलो, तेव्हा देश दाखवायला म्हणून गाडीने निघालो होतो. पावसाने तिकडे कित्येक दिवसांत तोंड दाखवलं नव्हतं. कुंपणाला टेकलेल्या गुरांच्या बरगड्या गाडीतूनही दिसत. पण मी मूळचा मंगळवेढ्याचा. दुष्काळातलं मला कुणी काही शिकवावं, हे मला खपत नाही. "अरे, घाल पात्रातून. माण नदी आम्ही अशीच ओलांडायचो," म्हटलं. त्याने घातली. माण मी सायकल खांद्यावर घेऊन ओलांडायचो, हे सांगायचं राहूनच गेलं.

चाकं फिरतील तशी गाडी आणखी खाली. फोनला रेंज नाही. "टेकडीवर जाऊन बघतो, लगेच येतो," म्हणून मुलगा पाण्याची छोटी बाटली घेऊन गेला, तो ऊन कलायला लागलं तरी परत आला नाही. सगळ्या टेकड्या एकसारख्या. शोधायला जावं तर कुठल्या दिशेला? मी गाडीच्या सावलीत मनातल्या मनात आमच्या देवाचं, बिरोबाचं नाव घेत बसलो. खरं सांगायचं तर मधेच शंका यायची, आपला बिरोबा एवढ्या लांब कशाला येईल? त्याच्याकडे काय पासपोर्ट आहे?

माझी बायको धनगराची लेक. देवाचा भंडारा, म्हणजे पिवळीधमक हळद, तिच्या पर्समध्ये कायम असते. ती पुडी घेऊन थेट बॉनेटवर चढली.

"अगं उतर. लोक काय म्हणतील?"

"कुटं हायती लोक? असते तर बरंच झालं असतं की!"

तिने भंडारा उधळला आणि आरोळी ठोकली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" मग माझ्याकडे वळली. "अवो, बगत काय बसलाय? पोरगं तुमचं बी हाय की न्हाय? वरडा!"

मी ओरडलो.

"मेंढरू शिंकल्यावानी करू नगा. पोटातनं येऊ द्या!"

मग मात्र लाज सोडली. घसा फुटेस्तोवर आम्ही दोघं त्या ओसाड नदीत देवाला हाका मारत राहिलो. मागणं काही उरलंच नव्हतं, नुसती हाक.

आणि काठावर गाढवांची गाडी दिसली. हाकायला एक म्हातारा, आणि शेजारी आमचा मुलगा, उन्हाने ओठ फुटलेले, पण हसत! टेकडी उतरताना तो भलत्याच अंगाला गेला होता. म्हातारा लांबून शेळ्यांसाठी पाणी घेऊन चाललेला. त्याने याला पाणी पाजलं, गाडीत घेतलं, पण आमची गाडी कुठे आहे हे दोघांनाही उमगेना. शेवटी आपल्या वस्तीकडे वळणार, एवढ्यात हाक ऐकू आली.

"बाबा, अख्ख्या आफ्रिकेत चांगभलं म्हणणारी बाई दुसरी कोण असणार?"

वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, असंही तो नंतर म्हणाला. असेल. मी वाद घालत नाही.

गाढवं जुंपून म्हाताऱ्याने आमची गाडी ओढून काढली. निघताना बायकोने उरलेला भंडारा त्याच्या कपाळाला लावला. "दादा, तुमच्या रूपानं देव आला बगा." त्याला एक अक्षरही कळलं नसेल, पण त्याने टोपी काढून मान खाली केली. त्या काळ्याभोर कपाळावर आमच्या माणदेशी देवाची हळद बघून माझी छाती अशी फुगली, की शर्टाच्या बटणांची काळजी वाटली. अभिमान देवाचा की बायकोचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

इतकी वर्षं मी देवाला पत्ता सांगत आलो होतो, इथून ये, असं कर, लवकर कर. त्या दिवशी सांगण्यासारखा पत्ताच माझ्याकडे नव्हता, म्हणून नुसती हाक मारली. यायची वाट त्याची त्याने काढली.