बदकाला कितीचं काडतूस

आमच्या घरात एक दुनळी बंदूक होती आणि ती उडते यावर घरातल्या कुणाचाही विश्वास नव्हता.

बंदूक आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गिरणी सुटल्यावर त्यांना बोरीवलीतल्या एका बँकेच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी लागली आणि त्या नोकरीची अटच अशी, की बंदूक स्वतःची हवी. आबांनी कुणाकडून तरी जुनी घेतली, परवाना काढला आणि निवृत्त होईपर्यंत ती मांडीवर आडवी ठेवून इमानेइतबारे स्टुलावर बसून राहिले. दरोडा काही पडला नाही. (आबांच्या मते त्यांच्या धाकामुळे. आईच्या मते त्या शाखेत नेण्यासारखं काही नव्हतंच.) नंतर बंदूक घरी आली आणि कपाटामागे उभी राहिली. दिवाळीच्या साफसफाईत तिला तेवढं फडकं मिळायचं.

तिला बाहेर काढायची वेळ माझ्यामुळे आली. माझ्या ऑफिसात शुभदा नावाची मुलगी होती आणि मला तिच्याशी लग्न करायचं होतं. तिची ना नव्हती. प्रश्न तिच्या वडिलांचा होता. बापूसाहेब मूळचे कोल्हापूरकडचे, राहायला मुलुंडला, मिशा झुपकेदार. त्यांनी आधीची दोन स्थळं नाकारली होती, एक मुलगा फार बोलतो म्हणून आणि दुसरा बोलतच नाही म्हणून. मी त्यांच्या समोर जाऊन बसलो. भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो होता, हातात बंदूक आणि पायाशी बदकांची रास. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आमच्याकडेही बंदूक आहे."

बापूसाहेब ताठ बसले. "काय सांगता? कुठली?"

"दुनळी. बारा बोअर."

"आन् मारता काय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण शुभदा चहा घेऊन दारात उभी होती. "बदकं," मी म्हणालो. "थंडीत. आबा आणि मी."

"बदकाला कितीचं घालता?"

हा प्रश्न मला समजलाच नाही. कितीचं म्हणजे काय, रुपयाचं की किलोचं? मी अंदाजाने म्हणालो, "बदक बघून घालतो."

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हंत्यात शिकारी! लोकं काय बी न बघता चार नंबर, चार नंबर करत बसत्यात. ठरलं तर मग. येत्या रविवारी आम्ही तुमच्याकडं जेवायला. बदक खाऊ आन् पुढचं बोलू. पण बाजारचं नको हां, शिकारीचं पायजे."

निघताना शुभदा जिन्यापर्यंत आली. "अरे, बाबा शिकारीचं मटण खाताना छर्रा शोधतात. तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवतात. त्याशिवाय त्यांना ते शिकारीचं वाटतच नाही. तू खरंच मारतोस ना बदकं?"

"म्हणजे काय," मी म्हणालो.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. ते उसळले. "मेल्या, तुका कोणी सांगलेला बोलाक? मी आयुष्यभर बँकेचो दरवाजो राखलंय. बदकां खंयची?"

"पण बंदूक आहे ना आपल्याकडे."

"शिलाई मशीन पण आसा. म्हणान काय मी चोळी शिवतंय?"

तेवढ्यात शेजारचे तांबे आले. तांबे पोस्टात होते आणि त्यांना न कळणारा विषय अजून जगात निर्माण व्हायचा होता. त्यांनी सूत्रं हातात घेतली. त्या काळी थंडीत परवाना काढून बदकं मारता येत (आता नुसतं नाव काढलंत तरी आत जाल), आणि तांबेंनी ओळखीने तो मिळवलाही. राहिली काडतुसं. नवी आणायची तर पुन्हा परवान्याच्या साहेबाची सही, आणि साहेब रजेवर. म्हणजे घरात होती त्यांवरच भागवायचं होतं.

आबांनी पत्र्याचा डबा उघडला. आत कागदी काडतुसं होती, दमट हवेने फुगलेली, काही लाल आणि काही फिकट. तांबेंनी एक उचलून डोक्याकडून बघितलं. "इथे गोल पुठ्ठ्यावर नंबर छापलेला असतो. कुठे गेला?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बुरशी इली होती. मी दिवाळीक ओल्या फडक्यान पुसून ठेवलंय. सगळी."

तांबेंनी कपाळाला हात लावला आणि मग आम्हाला शिकवणी दिली. काडतुसात शिशाचे छरे असतात. नंबर जितका मोठा, तितका छरा बारीक. आठ नंबर म्हणजे मोहरी, ते लाव्याला. चार नंबर म्हणजे मिरी, ते बदकाला. आणि नंबरच नसलेलं एलजी, त्यात मोजके मोठे गोळे, ते रानडुकराला. "बारीक घेतलंत तर बदकाला गुदगुल्या होतील. एलजी मारलंत तर एक तर गोळा लागणारच नाही, आणि लागला तर ताटात वाढायला पिसंच उरतील. आबा, तुम्ही कुठली घेतली होती?"

"दुकानदारान दिल्यान ती घेतलंय," आबा म्हणाले. "बदकांनी दरोडो घातल्यानी तर काय, ह्यो विचार मी तेव्हा केलंय नाय."

लाल ती एका जातीची आणि फिकट ती दुसऱ्या, असं तांबेंचं मत पडलं. पण बदकाची कुठली? फोडून बघावं तर आबा एकही फोडू देईनात. परवान्यावरचं काडतूस घरात चमच्याने फोडलं तर पोलिसाला काय सांगायचं, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी आई हात पुसत बाहेर आली, खाली बसली आणि तिने एक काडतूस कानाशी धरून हलवलं. आमच्याकडे नारळ असेच निवडतात. बाजारात आईने हलवून घेतलेला नारळ खवट निघाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"हेच्यात मोठे आसत," आई म्हणाली आणि ते डावीकडे ठेवलं. दुसरं हलवलं. "हेच्यात बारीक."

"अगो, काडतूस आसा तां. नारळ नाय," आबा म्हणाले.

"गप ऱ्हवा. माका आयकूक येता."

दोन ढीग झाले. लाल आणि फिकट दोन्हीकडे मिसळलेली होती, त्यामुळे तांबे थोडे नाराज झाले. पण आईच्या कानापुढे बोलायची त्यांची टाप नव्हती.

आता फुगलेली काडतुसं नळीत जाईनात. ती वाळवायला हवी होती. आईने गच्चीवर जुनं धोतर पसरलं, एका बाजूला पोह्याचे पापड, दुसऱ्या बाजूला दारूगोळा, आणि कावळे हाकायला मला बसवलं. दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

"हे काय वाळत घातलंय?"

"पापड," मी म्हणालो.

"आणि ते लाल?"

"काडतुसं."

सेक्रेटरी दोन पायऱ्या खाली उतरले आणि तिथूनच बोलू लागले. "अरे, उन्हाने उडाली म्हणजे? खाली पाण्याची टाकी आहे यार. आत्ताच्या आत्ता उचल सगळं." मी घाबरून धोतर चारी टोकांनी गोळा केलं. खाली आणून सोडलं तर आत दोन्ही ढीग, पापडांसकट, एकजीव झाले होते. आईने न चिडता पुन्हा कानाने निवडले. मगाशी बारीकचा ढीग छोटा होता, आता मोठा झाला. मी ते बोलून दाखवलं नाही.

रविवारी उजाडताना तांबेंच्या स्कूटरवरून आम्ही तिघं दहिसर खाडीकडच्या मिठागरांवर पोचलो. पुढे तांबे, मध्ये बंदुकीला मिठी मारून आबा, मागे अर्धा हवेत मी. पाण्यावर बदकं होती. भरपूर होती आणि आम्हाला बघून त्यांना काहीच वाटलं नव्हतं.

आबांनी बारीकच्या ढिगातली दोन काडतुसं भरली, नेम धरला आणि डोळे मिटले. पहिली नळी नुसती खट् म्हणाली. दुसरीने मात्र असा आवाज केला, की आबा मागच्या मागे चिखलात बसले आणि तांबे मला धरून उभे राहिले. बदकं उठली, एक चक्कर मारून पुन्हा तिथेच येऊन बसली. पलीकडच्या बांधावर मिठाची रास होती, तिला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं.

तांबे भोकाकडे बघत म्हणाले, "हे काही चार नंबर वाटत नाही."

मग मोठ्याच्या ढिगातली लावून पाहिली. खट्. खट्. सगळी खट्. मी चिखलात उभा राहून समोरच्या गुबगुबीत बदकांकडे बघत होतो आणि मला शुभदाच्या वरातीचा बँड ऐकू येत होता. वरात दुसऱ्याच कुणाच्या तरी दाराशी चालली होती. खरं सांगतो, मला रडू आलं.

"रडतंस कित्याक?" आबा चिखल झटकत म्हणाले. "बदक काय, बदक मिळात." येताना गावठाणात एका बाईकडून आम्ही तिची दोन पाळीव बदकं विकत घेतली.

आईने वाटण घातलं, वडे तळायला घेतले. शुभदाची आई मटण खात नसे, म्हणून तिच्यासाठी काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं. एवढ्यात मला आठवलं. छरे! शिकारीच्या बदकात छरे हवेत. मी मोरीत बसून, आबांच्या नकळत, एक काडतूस पकडीने फोडलं. दारू मोरीत वाहून गेली आणि हातात काळपट, गोल गोळे आले. चांगले टपोरे होते. मला आनंद झाला. टपोरे आहेत म्हणजे बापूसाहेबांना लवकर सापडतील! ते धुऊन वाटीत घातले, वाटी ओट्यावर ठेवली आणि बदकाच्या पातेल्यावरचं झाकण उचलणार तोच बेल वाजली.

दार उघडून, पाहुण्यांना बसवून, पाणी देऊन परत आलो तर वाटी रिकामी. आईने ओळखून बदकात घातले असणार, असं मी समजलो. माझी आई मोठी हुशार, हा विचार करत मी तांबेंशेजारी पाटावर बसलो.

बापूसाहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चघळला. दुसरा घेतला. जीभ गालात फिरत होती. माझं जेवणात लक्ष नव्हतं.

"आबासाहेब," ते म्हणाले, "बदक झकास झालंय. पर छर्रा काय लागंना."

आबा पोलिसी जबाब द्यावा तसे म्हणाले, "मी मानेत मारतंय."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आन् चरबी लई धरलीया. उडत हुती का चालत हुती?"

तेवढ्यात शुभदाच्या आईचा घास थांबला. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि काहीतरी हळूच ताटाच्या कडेला ठेवलं. टण्ण आवाज आला. मग दुसरं. टण्ण. सगळे त्या ताटाकडे बघायला लागले. त्यांच्या ताटात फक्त भात होता आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं.

आई दारातून म्हणाली, "शिजाक नाय काय गो? वाटयेत थोडे ऱ्हवलेले, ते पण त्यातच घातलंय मगाशी."

बापूसाहेबांनी तो वाटाणा उचलला, पुसला, दोन बोटांत फिरवून उजेडात धरला. "एलजी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वाटाण्याला एलजी घातलंत?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सगळं सांगून टाकलं. बँक, फडकं, नारळ, मिठाची रास, गावठाणातली बाई. बापूसाहेब ऐकत होते आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या. आता उठतात आणि मुलीला घेऊन जातात, असं वाटत असतानाच ते असे हसले, की त्यांना ठसका लागला आणि तांबेंना पाठ चोळावी लागली.

"बँकेचा पहारेकरी," डोळे पुसत ते म्हणाले, "एलजीशिवाय दुसरं ठेवंलच कशाला? सगळी एकाच जातीची असणार ती."

"मगे ते दोन ढीग?" आबांनी आईकडे बघितलं.

"बारीक फरक होतो," आई म्हणाली आणि वडे आणायला आत गेली.

शुभदाच्या आईने दाढ चाचपून ती शाबूत असल्याचं सांगितलं आणि लग्न ठरलं. मुलाला काही येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं, पुढे फसवणूक व्हायची भीती नाही, असं बापूसाहेबांचं म्हणणं पडलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो, तर पारावर मिशीवाले सगळे जुने शिकारी जमले होते. बापूसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून अभिमानाने ओळख करून दिली, "हे आमचं जावई. बदकाच्या नादाला लागत न्हाईत. सरळ वाटाणं टिपत्यात."