पहिल्या सिझरचं कारण

दुसऱ्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का, हे विचारायला मी वारज्याच्या एका दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खुर्चीवरची बाई मार्केट यार्डात कांदा निवडायची. मांडीवरची फाईल ती तळहातानं सारखी सपाट करत होती.

"ताई, माझं बी पयलं सिझर हाय. डॉक्टर म्हनल्या, ते कशानं झालं त्यावर ठरवू. तुमचं कशानं झालं?"

"बाळाचे ठोके कमी झाले होते," मी पटकन म्हणाले.

ठोके ठणठणीत होते. सासऱ्यांनी पंचांग बघून सकाळी नऊ बावीसचा मुहूर्त काढला होता आणि कॉम्प्युटरवर दिवसभर लोकांच्या चुका शोधणाऱ्या मी निमूटपणे त्या दिवसापासून रजा टाकली होती.

तिनं फाईल बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला. बोटांना कांद्याचा वास होता.

"माझं बी ठोक्याचंच. पोरगं न्हाई ऱ्हायलं. तुमचं वाचलं, लई बरं झालं बघा."

तेवढ्यात मला आत बोलावलं. डॉक्टरांनीही पहिलाच प्रश्न तोच विचारला.

उत्तर देण्याआधी मी उठले आणि दार लावून घेतलं.