तळघरातले शेवटचे दोन कोनाडे

होल्डर्नआउ घराण्याचं राज्य जाऊन शंभरावर वर्षं झाली. कायद्याने किताब काढून घेतला आणि तोच आडनाव म्हणून परत दिला. आता तो पासपोर्टच्या रकान्यात निमूट पडलेला असतो. पण गावातली माणसं ऐकतील तर शपथ. बेकरीत घराण्याचे आजचे प्रमुख रुप्रेख्ट शिरले की रांगेतली एखादी म्हातारी हटकून बाजूला होणार, "या सरकार, तुम्ही घ्या आधी." सरकार म्हणणार, "छे छे, मला कसली घाई!" आणि मग आधीच घेणार. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

सरकारांचं वय चौऱ्याहत्तर. अंगाने उंच, खांद्यात जरा वाकलेले. कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला हिरवा कोट बारा महिने अंगात. किल्ला केव्हाच गुडघ्या-कमरेच्या रुग्णालयाला दिलेला. वडिलांच्या दरबार-दालनात आता माणसं काठ्या घेऊन पुन्हा चालायला शिकतात. स्वतः सरकार वेशीवरच्या जुन्या पहारेकऱ्याच्या घरात दोन खोल्यांत राहत. उरलं होतं ते जंगल, आणि तेही भुंग्याने पोखरलेलं. रोज सकाळी कुठलं झाड वाळलं ते बघायचं आणि त्याच्या सालीवर तांबडी खूण करायची, एवढंच काय ते राज्य. मूलबाळ नाही. बायको आडेलहाइड कुळाने अगदी तोलामोलाची होती. अकरा वर्षं राहिली, मग एके दिवशी शांतपणे सामान बांधून माहेरी गेली. तिकडेच वारली आणि तिकडेच तिला पुरलं. त्यावर सरकारांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

हां, आणखी एक गोष्ट होती त्यांच्याकडे. वीतभर लांबीची लोखंडी किल्ली. चर्चच्या खाली घराण्याचं तळघर आहे, भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत शवपेट्या, चारशे वर्षांच्या. तिथे कुणाला ठेवायचं हे घराण्याचा कायदा ठरवतो. बरोबरीच्या कुळात लग्न केलं तर आत. खाली उतरून केलं तर नाव कापलं, नवराबायको दोघंही बाहेर. देशातलं कुठलंही कोर्ट या कायद्याला कवडीची किंमत देत नाही. पण घराण्याचा प्रमुख देतो. त्याला दुसरं काम काय म्हणा!

मार्चमधल्या एका मंगळवारी घरकाम बघणाऱ्या क्निटलबाई टपाल घेऊन आल्या. त्यांनी एकच पाकीट वेगळं धरलं होतं.

"सरकार, काळ्या काठाचं आहे. कोण गेलं?"

"उघडू तर द्या, बाई."

पत्र चार ओळींचं होतं.

'रुप्रेख्ट भाऊजींना, आन्सगार रविवारी सकाळी गेले. त्रास झाला नाही. शेवटच्या आठवड्यात दोनदा म्हणाले, मला आईजवळ ठेवा. मी माझ्यासाठी काही मागत नाही, मला कुठेही चालेल. दफन शुक्रवारी आहे, तोवर कळवाल तर बरं. ट्राउडे.'

आन्सगार म्हणजे थोरला भाऊ. खरं तर सरकार तोच व्हायचा. पण तो पडला स्टेशनमास्तरच्या ट्राउडेच्या प्रेमात. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी दोन्ही मुलांना टेबलाशी उभं केलं आणि दोन कागद पुढे सरकवले. आन्सगारने पहिल्यावर सही केली, हक्क सोडला, टोपी उचलली आणि चालू लागला. दुसरा कागद रुप्रेख्टच्या पुढ्यात आला. आजपासून वारस तू. शाई तीच, पेनही तेच.

आता वारसाला बेकरीवाल्याची पोरगी करून चालत नाही. आणि रुप्रेख्टचं बेकरीवाल्याच्या लोरेशी दोन उन्हाळे जमलेलं होतं. हे त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं, आन्सगारलाही नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी रुप्रेख्ट बेकरीच्या मागच्या दारी गेले आणि चार वाक्यांत सगळं सांगून मोकळे झाले. लोरेचे हात पिठाचे होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं सांगून? मग जा. माझी भट्टी तापलीय."

भावाशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आन्सगारचं दर नाताळाला कार्ड यायचं. ते खणात जायचं. कायदा मोडला म्हणून धाकटा रुसलाय, असं आन्सगार जन्मभर धरून चालला. खरं कारण सांगायचं म्हणजे लोरेचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

बुधवारी चुलतभाऊ एग्बेर्टचा फोन आला. सरकारांच्या मागे प्रमुखपद त्याच्याकडे जायचं होतं, त्यामुळे कायद्याची काळजी त्याला सरकारांहून जास्त.

"दादा, ऐकलं मी. भलतंसलतं मनात आणू नकोस हं. एकाला दार उघडलंस की उद्या सगळे रांग लावतील."

"सगळे म्हणजे कोण? उरलंय कोण, एग्बेर्ट?"

"प्रश्न माणसांचा नाही, तत्त्वाचा आहे. आणि असंच सोडायचं होतं तर मग तू आडेलहाइडबरोबर अकरा वर्षं कशाला काढलीस?"

सरकारांनी फोन ठेवून दिला. एग्बेर्ट तसा बिनडोक, पण घाव नेमका बसला. नेमकी तीच गोष्ट त्यांना दोन दिवस गिळता येत नव्हती. आन्सगारला हवी ती बायको मिळाली, तीन मुलं झाली, नातवंडं झाली. वर आता आईजवळची जागाही त्यालाच? दोन्ही हातांत लाडू! कायदा इतक्या सहज वाकत होता तर तेव्हाच का नाही वाकला? भट्टीच्या दारात उभं राहून त्या मुलीला जे सांगितलं, ते मग कशासाठी? नाही म्हणायला त्यांना एक शब्द पुरला असता. हो म्हटलं तर अख्खं आयुष्य फुकट गेलं असं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं होतं.

संध्याकाळच्या जेवणाला पाव, लोणचवलेली काकडी आणि यकृताचं सॉसेज होतं. क्निटलबाईंनी ताटलीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काल उरलं, आजही उरलं. मी कुणासाठी मांडते हे?"

"क्निटलबाई, तुम्ही काय केलं असतं?"

"मी? माझा भाऊ एका शिडीपायी वर्षभर माझ्याशी बोलत नाही. उद्या मेला तर ती शिडी मी त्याच्या छातीवर ठेवीन, घे म्हणेन एकदाची! पण म्हणून त्याची पेटी दाराबाहेर नाही ठेवणार. खा आता."

गुरुवारी सकाळी सरकार किल्ली घेऊन चर्चखाली उतरले. रिकामे कोनाडे दोनच उरले होते. नवीन खोदायला पुरातत्त्ववाले परवानगी देत नाहीत, एक वीटसुद्धा हलवायची नाही. एका कोनाड्याखालच्या दगडावर त्यांचं स्वतःचं नाव आधीच कोरलेलं, जन्मसाल, पुढे आडवी रेघ आणि रेघेपुढे गुळगुळीत दगड. शेजारच्यावर आडेलहाइडचं नाव, ती तिथे कधी आलीच नाही. समोर वडिलांची पेटी. ओलीने तिचा एक पाय कुजला होता आणि चर्चच्या गड्याने त्याखाली चक्क एक फरशीचा तुकडा सरकवला होता.

सरकार पायरीवर बसले. "एवढ्यासाठी?" ते मोठ्याने म्हणाले. वडील काय बोलणार! सरकारांना राग आला, लाजही वाटली. आणि मग आन्सगार तळ्यावर त्यांना पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरायचा, तो हात आठवला आणि त्यांना रडू फुटलं. बऱ्याच वेळाने नाक पुसून ते वर आले आणि त्यांनी पाथरवटाला बोलावणं धाडलं. मग फोन लावला.

"वहिनी, मी रुप्रेख्ट."

हा शब्द त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदाच वापरला.

"आन्सगारला घेऊन या. आईच्या समोरचाच कोनाडा आहे. आणि त्याच्या शेजारचा तुमचा. उद्या-परवाची गोष्ट नाही, देव तुम्हाला शंभर वर्षं देवो, पण दगडावर नाव आजच घालून घेतो. मागाहून कुणाला पुसता येऊ नये."

"पण भाऊजी, हे म्हणाले होते, आईवडिलांनंतर दोनच उरतील म्हणून. मग तुम्ही?"

"माझं मी बघतो."

ट्राउडे म्हणाली, "नाताळाचं कार्ड टाकलं की पुढचे आठ दिवस ते पोस्टमनची वाट बघायचे. दर वर्षी. एवढंच सांगायचं होतं."



शुक्रवारी सगळं यथासांग पार पडलं. एग्बेर्ट आला नाही, त्याने रिबन लावलेलं पुष्पचक्र पाठवलं. अग्निशमन दलाच्या सहा जणांनी पेटी खाली नेली. दगडावरचं सरकारांचं नाव छिलून तिथे आन्सगार झालेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि नंतर चर्चच्या बैठकीच्या खोलीत कॉफी आणि आलुबुखाराच्या केकबरोबर त्यावर भरपूर बोलणं झालं. ट्राउडेने भाऊजींच्या ताटलीत न विचारता दुसरा तुकडा वाढला. त्यांनी तोही खाल्ला.

सोमवारी सरकार गावच्या दफनभूमीच्या कचेरीत गेले. कचेरी कसली, अवजारांच्या खोलीला लागून एक टेबल आणि वही. ती वही गेली सहा वर्षं सांभाळते लोरे. बेकरी मुलीकडे देऊन रिकामी झालेली, वय त्र्याहत्तर, जीभ जशीच्या तशी. गावात सरकारांना अरे-तुरे करणारं माणूस एकच, ती. पण गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत तसा प्रसंग चार-पाचदाच आला असेल.

"तू? वाट चुकलास की काय? तुमचं तर तळघर आहे."

"भरलं."

"कळलं मला. अख्ख्या गावाला कळलंय." तिने चष्मा नाकावर चढवला आणि वही उघडली. "जागा एकेरी की जोडीची?"

"एकेरी."

"पंचवीस वर्षं मिळतात. नंतर कुणी वाढवून घेतली नाही तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. चारशे वर्षांचा हिशेब इथे नाही, आधीच सांगते."

"चालेल."

"देखभाल कोण करणार? नाव लागतं. फुलझाडं वाळली, गवत माजलं की आम्ही पिवळी चिठ्ठी डकवतो दगडावर, सगळ्या गावाला दिसेल अशी."

सरकारांनी विचार केला. एग्बेर्ट? छे. क्निटलबाई त्यांच्याहून थकलेल्या. बाहेर कुणीतरी नळाखाली झारी भरत होतं, ती भरून वाहू लागली.

"कुणी नाही," ते म्हणाले.

लोरेने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोटाची ठिगळं, कानांवरचे पांढरे केस, सगळं. मग पुन्हा पेन उचललं.

"माझी लेक आन्के घालेल पाणी. शनिवारी येतेच ती, आमच्या थडग्याला घालते. आमच्या शेजारची जागा रिकामी आहे, भिंतीलगतची. एक झारी जास्त, त्यात काय मोठंसं."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"आठ वर्षांत काही म्हणालेला नाही." ती लिहीत होती, मान वर न करता. "आणि मी तिथे आले की मधे मीच असणार. तेव्हा भांडण नको."

तिने वही त्यांच्याकडे फिरवली. रकान्यात जागा कमी होती. लांबलचक नावाचं तिथे काही जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी नुसतं 'रुप्रेख्ट' लिहिलं.

"पंचवीस वर्षं कमी नाहीत ना वाटत तुला?" लोरेने विचारलं. "तुम्हा लोकांचं काही सांगता येत नाही."

"अठ्ठेचाळीस गेली, लोरे," ते म्हणाले. "त्यातली पंचवीस परत मिळतायत. पुष्कळ झाली."

लोरेने शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली आणि मग मिटली.