मावशींच्या बरणीचं झाकण

उघडं भांडं दिसलं की माझ्या मावससासूबाईंच्या, म्हणजे आमच्या मावशींच्या, जिवाला चैन पडत नाही. दूध, पाणी, वरण, साऱ्या रायपुरात झाकण्याजोगं जे काही आहे ते त्यांनी एकदा तरी झाकलेलं आहे. अभनपूरला एका लग्नात जेवणाच्या टेबलावर दहीबुंदी उघडी दिसली, तर त्यांनी तिच्यावर आहेराचं ताटच उपडं ठेवलं. दहीबुंदी संपली असं समजून अर्धे पाहुणे कोरडा पुलाव खाऊन उठले. "माशी पडली असती तर?" एवढंच मावशी म्हणाल्या, आणि ताट उचलून स्वतःला दोन डाव वाढून घेतले.

अशा बाईच्याच लोणच्याच्या बरणीचं झाकण फुटावं! सदर बाजार पालथा घातला, पण "बिना बरनी का ढक्कन कौन बेचता है, दीदी?" म्हणून दुकानदार हसले. तेव्हा मावशींनी बुढापारा भागातला मातीकामाचा स्टुडिओ गाठला. तिथे नवशिके, मुरलेले, सगळे एकाच खोलीत चाकं फिरवतात. शिकवणारी मुलगी म्हणाली, आधी वाटी करू. "मले वाटी नाही पाहिजे, झाकण पाहिजे. झाकण झालं की माझं येणं बंद," मावशींनी जाहीर केलं. आणि मावशी शब्दाच्या भलत्याच पक्क्या. त्यांना स्कूटरवरून सोडता सोडता मीही एका चाकावर बसू लागले.

मावशींनी बरणीच्या तोंडाचं माप दोऱ्याने घेतलं आणि अगदी तेवढंच झाकण केलं. भट्टीतून निघालं ते सोबत आणलेल्या बरणीत थेट आत पडलं, कारण माती वाळताना आणि भाजताना आकसते. "काहून आकसते? मी काय लुगडं धुऊन राहिली?" मावशी भडकल्या. पुढचं त्यांनी रागाच्या भरात एवढं मोठं केलं, की ते आज माझ्या कढईवर बसतं. मग झाकणं होतच गेली. आमच्या गल्लीत आता एकही माठ उघडा नाही.

ओली भांडी भराभर वाळली तर तडकतात, म्हणून स्टुडिओत ती झाकून ठेवावी लागतात. हे काम मावशींनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं. वर्ग सुटताना त्या सगळ्यांच्या भांड्यांवर प्लास्टिक पांघरत, कडा खोचत, आणि "झोपा आता" म्हणत. येताना बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीचा डबा आणत, तोही घट्ट झाकणाचा. काका, म्हणजे मावशींचे यजमान, गेल्यापासून संध्याकाळी त्यांना घर खायला उठायचं. वर्गात यायला लागल्यापासून तसं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यामुळे नवं झाकण भट्टीतून निघालं की आम्हीच देवाचं नाव घ्यायचो, आणि ते बसलं नाही की सगळ्यांना हायसं वाटायचं.

परवा एक बसलं. असं बसलं की हलवलं तरी हलेना. सगळी चाकं थांबली. मावशींनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ढिलं आहे थोडं."

शिकवणाऱ्या मुलीने झाकण फिरवून पाहिलं. तिला ते फिरवतानाही जोर लावावा लागला. "हव मौसी, ढीला है," ती म्हणाली. "फिर से बनाना पड़ेगा." त्या पोरीला उठून मिठी मारावी असं मला वाटलं.

काल लोणचं घ्यायला मावशींकडे गेले. बरणीवर तेच झाकण होतं. उघडायला मला दोन्ही हात लावावे लागले. मावशी आतल्या खोलीत तयार होत होत्या, वर्गाला उशीर नको म्हणून त्यांची घाई चालली होती. मी लोणचं काढलं आणि झाकण होतं तसं दाबून बसवलं.

"बरणी झाकली का व?" आतून आवाज आला.

"हव मावशी," मी म्हटलं. "पण थोडं ढिलंच आहे."